दोन तक्त्यांची होडी

शर्यत कोणाची, माणसाची कीं त्याच्या साधनाची, हा प्रश्न खेळांच्या इतिहासांत फार जुना आहे. घोड्यांच्या शर्यतींत घोडा धांवतो आणि चषक मालकाच्या दिवाणखान्यांत जातो. शिडाच्या होड्यांचेंही दीर्घकाळ तसेंच होतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावर हा षोक भरभराटीस आला, तेव्हां प्रत्येक हंगामास नवी व अधिक वेगवान होडी बांधवून घेणारा धनिक गेल्या वर्षींच्या विजेत्यास मागें टाकूं शके. हरलेल्यानें पुढल्या वर्षीं थैली अधिक सैल सोडावी, एवढाच त्यावर उपाय. यशाचा किती वांटा सुकाणूवरील हाताचा आणि किती थैलीचा, हें सांगणें कठीणच होतें.

या प्रश्नाचें पहिलें सुटसुटीत उत्तर डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर मिळालें. टॉमस मिडल्टन नांवाच्या गृहस्थानें अशी कल्पना मांडली कीं, सर्वांनीं एकाच नमुन्याच्या लहान होड्या बांधाव्या आणि त्यांत कोणीं तिळभर फरक करूं नये. सन १८८७ मध्यें ‘वॉटर वॅग’ या नांवानें असा वर्ग अस्तित्वांत आला. होडी सुमारें तेरा फुटांची, दोन्हीं टोकांस निमुळती आणि वाळूवरून सहज पाण्यांत लोटतां येण्याजोगी. सन १९०० मध्यें किंचित् मोठा नमुना स्वीकारला गेला. तो मेमी डॉयल या एका होडी बांधणाऱ्याच्या कन्येनें आंखला होता, ही गोष्ट त्या काळाकडे पाहतां विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नमुना बदलला, पण तत्त्व बदललें नाहीं. त्या नमुन्याच्या होड्या डन लेअरीच्या बंदरांत आजही शर्यती लावतात.

तथापि ही समता सभ्य गृहस्थांची आपसांतली समता होती. ज्याच्यापाशीं होडी घेण्याइतकें धन व ती वल्हविण्याइतका रिकामा वेळ, त्याच्याचपुरती ती खरी. साधन सारखें झालें, पण तें सर्वांच्या आवांक्यांत आलें नाहीं. ही दुसरी पायरी चढावयास आणखी साठ वर्षें लागलीं, आणि ती चढली गेली अमेरिकेंत.

फ्लॉरिडांतील क्लिअरवॉटर या गांवीं मुलांच्या भल्यासाठीं झटणारें ‘ऑप्टिमिस्ट’ नांवाचें एक मंडळ होतें. त्या काळीं अमेरिकेंत मुलांनीं घरीं बनविलेल्या, उतारावरून गडगडत जाणाऱ्या लांकडी गाड्यांच्या शर्यती लोकप्रिय होत्या. क्लिफर्ड मॅके यांनीं सन १९४७ मध्यें मंडळापुढें विचार ठेवला कीं, आपल्या गांवास टेकड्या नसल्या तरी पाणी भरपूर आहे. तेव्हां मुलांसाठीं होड्यांच्या शर्यती कां नसाव्या? अट एकच : होडीस पन्नास डॉलरांहून कमी खर्च यावा आणि गांवांतील व्यापाऱ्यांनीं एकेका होडीचा भार उचलावा.

काम क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याकडे आलें. त्यानें अंदाज केला कीं, एवढ्या पैशांत प्लायवूडचे दोनच तक्ते वापरणें परवडेल. तक्ता चार फूट रुंद आणि आठ फूट लांब. निमुळती नाळ काढावयाची तर लांकूड अधिक लागणार आणि कारागिरीही अधिक. म्हणून त्यानें होडीचें तोंड सरळ चौकोनी कापून टाकलें. लांबी भरली आठ फुटांस कांहीं इंच कमी. एक लहानसें शीड, त्याचा वरचा कोपरा तोलून धरणारी एक तिरपी काठी, वर-खालीं सरकणारी एक फळी आणि सुकाणू, एवढाच संसार. पाण्यावर कणकेची काथवट सोडून द्यावी तशी ती दिसते. परंतु ज्या चौकोनी तोंडास लोक हंसले असतील, तें अज्ञानांतून आलें नव्हतें. तें गरिबाच्या हिशोबांतून आलें होतें. मंडळाचेंच नांव या होडीस मिळालें.

पुढें डेन्मार्कचा एक नाविक आक्सेल डॅमगार्ड यानें अमेरिकेंत ही होडी पाहिली आणि १९५४ च्या सुमारास तिचा नमुना मायदेशीं नेला. तेथून ती उत्तर युरोपांत पसरली. १९६२ मध्यें तिच्या आंतरराष्ट्रीय शर्यती सुरू झाल्या आणि १९६५ मध्यें निरनिराळ्या देशांतील संघांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. आज शंभराहून अधिक देशांत दीड लाखांवर होड्यांची नोंद आहे. या प्रसाराचें कारण नुसती स्वस्ताई नव्हे. होडींत एकच मूल बसतें आणि पंधरा वर्षांनंतर शर्यतींत भाग घेतां येत नाहीं. त्यामुळें वडील माणसांस किनाऱ्यावर उभें राहण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. मंडळें चालविणें त्यांच्याकडे आणि वाऱ्याशीं झुंजणें मुलांकडे, अशी कामाची वांटणी आपोआपच झाली.

परंतु यशाबरोबर जुना रोगही परतला. लांकडाची जागा काचतंतूंच्या सांच्यांनीं घेतली. ठिकठिकाणच्या कारखान्यांतील होड्यांत सूक्ष्म भेद पडूं लागले, आणि अमुक कारखान्याची होडी अधिक धांवते, हें ज्ञान पैसेवाल्या पालकांस आधीं झालें. अखेर १९९० च्या दशकांत मापांचे नियम कडक करून सर्व होड्या खऱ्या अर्थानें एकसाची कराव्या लागल्या. तरीही नव्या होडीची किंमत आज हजारों डॉलर आहे, आणि शिकविणारा गुरु यांत्रिक नावेंतून शिष्यामागें फिरतो. समता एकदां स्थापून मोकळें होतां येत नाहीं. तिच्या मापाची फीत नित्य हातांत बाळगावी लागते.

आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांस हा इतिहास केवळ परदेशचा वाटूं नये. मुंबईंत शिडाच्या नौकांचें मंडळ १८४६ मध्येंच निघालें. पण ज्या किनाऱ्यावर कोळी, भंडारी आणि खारवी पिढ्यान् पिढ्या शीड उभारीत आले, तेथील माणसास त्याचे दरवाजे इंग्रजी अमलांत बंद होते. वारा सर्वांचा, पाणी सर्वांचें, मात्र खेळ थोडक्यांचा. या पार्श्वभूमीवर हैदराबादच्या हुसेनसागर तलावाचें दृश्य पाहावें. तेथें २००९ मध्यें निघालेल्या एका मंडळानें गरीब घरांतील मुलामुलींस याच चौकोनी होडींत बसवून वारा ओळखावयास शिकविलें. मिल्सनें दोन तक्त्यांवर पेन्सिलीनें ओढलेल्या रेषांचें सार्थक सोन्याच्या पदकांहून अशा ठिकाणीं अधिक झालें, असें आम्हांस वाटतें. कारण काथवटीसारख्या त्या होडींत बसलेलें पोर जेव्हां हरतें, तेव्हां दोष देण्यास त्याच्यापाशीं दारिद्र्य उरत नाहीं. आणि जिंकतें, तेव्हां तो विजय निर्विवाद त्याच्या हाताचा असतो.