दप्तरे अनेक, प्रश्न एक

कोल्हापुरात इतिहासावर बोलावयास उभे राहिले, म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पन्हाळा येतो, ताराराणी येतात, १७३१ चा वारणेचा तह येतो. आज आम्ही यांपैकी कशावरही बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका नीरस पुस्तकाविषयी. त्यात गोष्ट नाही, वर्णन नाही. आहेत ते नुसते आकड्यांचे रकाने. पण या पुस्तकावाचून मराठ्यांच्या इतिहासाचा एक कागदही नीट लावता आला नसता, आणि आजच्या संगणकाच्या युगातील एका मोठ्या अडचणीचा उलगडाही त्यातूनच होतो, असे आमचे मत आहे.

हे पुस्तक म्हणजे बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री. मोडक येथल्याच राजाराम कॉलेजात शास्त्राचे अध्यापक होते. रसायन आणि पदार्थविज्ञान मराठीत आणणाऱ्या या गृहस्थांनी १७२८ ते १८८९ या काळातील निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा एकमेकींसमोर मांडून ठेवल्या. या उद्योगाची गरज काय होती, ते एका उदाहरणाने पाहू.

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, हे शाळेतील मुलास ठाऊक असते. त्या दिवशी शालिवाहन शके १६८२ चालू होते. हिजरी सन ११७४ होता. पेशव्यांच्या दप्तरात चालणारा सुहूर सन ११६१ होता, आणि तोही आकड्यात नव्हे तर अरबी शब्दांत लिहीत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. फसली सन ११७० होता. छत्रपतींच्या पत्रांवरील राज्याभिषेक शकाने मोजल्यास ते ८७ वे वर्ष होते. दिवस एक, पण दप्तरे पाच आणि आकडे पाच!

कोणी म्हणेल, ही तर सोपी बेरीज आहे. सुहूर सनात ५९९ मिळवावे, शकात ७८ मिळवावे, की इसवी सन येतो. पण ११६१ मध्ये ५९९ मिळवा. उत्तर १७६० येते, आणि पानिपत एक वर्ष अलीकडे सरकते. कारण सुहूर सन मृगाला बदलतो, शक चैत्री पाडव्याला बदलतो, राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो, आणि इसवी सन १ जानेवारीला. जानेवारी उजाडला की ५९९ च्या जागी ६०० आणि ७८ च्या जागी ७९ मिळवावे लागतात. हिजरी सनाला तर कोणतीच ठरीव बेरीज लागू पडत नाही. ते वर्ष चंद्राचे, सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून अंतर सतत बदलत राहते. त्यातून पेशवाई पत्रात वर्ष सुहूरचे, तर महिना आणि चंद्र हिजरीचा. म्हणून मोडकांनी सूत्र दिले नाही; रकाने दिले.

येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की चुकीची बेरीज ओरडून सांगत नाही. १७६० हे काही अशक्य वर्ष नव्हे. ते दिसावयास १७६१ इतकेच सभ्य दिसते. घोड चुका लोकांच्या नजरेस येतात. इतिहासाचा घात करतात त्या अशा सभ्य चुका.

आता दोनशे वर्षे ओलांडून येऊ. संगणकात माहिती साठवू लागले, तेव्हा आरंभी तिची स्थिती जुन्या दप्तरखान्यासारखी होती. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे, हे ज्या कारकुनास ठाऊक, त्यालाच तो काढता येई. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध लिहून असे सुचविले, की सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, आणि विचारणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ‘कोठून कसे काढावे’ हे यंत्राने पाहावे. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये यासाठी एक प्रश्नभाषा मांडली. तीच पुढे एस्क्यूएल या नावाने प्रसिद्ध झाली.

या भाषेच्या इतिहासातील सालांकडे नीट पाहावे. बाजारात तिचा पहिला विक्रीचा डेटाबेस, म्हणजे आज ज्याला ओरॅकल म्हणतात तो, १९७९ मध्ये आला. अमेरिकेच्या मानक संस्थेने तिचे प्रमाण व्याकरण ठरविले ते १९८६ मध्ये, आणि आंतरराष्ट्रीय संस्थेने ते १९८७ मध्ये स्वीकारले. म्हणजे बोली आधी आणि व्याकरण मागून! मधल्या काळात जो तो आपापल्या सोयीने बोलत होता, आणि गिऱ्हाईक एकदा एका बोलीस सरावले की ती बदलणे कोणालाच परवडत नव्हते. आपल्या सनांचे तरी वेगळे काय झाले?

मग सर्व डेटाबेसांत चालते तरी काय? पुष्कळ चालते. कोष्टकातून ओळी निवडणे, त्यांना अट लावणे, दोन कोष्टके समान रकान्यावर जोडणे, गट पाडून मोजणी व बेरीज करणे, नवी ओळ घालणे, बदलणे, पुसणे, ही मूळ कामे ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएस्क्यूएल, एसक्यूलाइट आणि मायक्रोसॉफ्टचा एस्क्यूएल सर्व्हर या सर्वांस एकाच शब्दांत सांगता येतात. हा भाषेचा गाभा होय.

काही भेद उघड आहेत. पहिल्या दहा ओळी मागावयाच्या तर कोठे ‘लिमिट’ म्हणावे लागते, कोठे ‘टॉप’. चुकीचा शब्द वापरला तर यंत्र तक्रार करते आणि आपण सुधारतो. असा भेद त्रासाचा खरा, पण धोक्याचा नव्हे.

धोका निराळा आहे. साताला दोहोंनी भागा असे पूर्णांकांत सांगितले, तर पोस्टग्रेस आणि एस्क्यूएल सर्व्हर ३ म्हणतात. ओरॅकल आणि मायएस्क्यूएल साडेतीन म्हणतात. दोन शब्द जोडण्यासाठी प्रमाण भाषेत दोन उभ्या रेघा आहेत. मायएस्क्यूएल नेहमीच्या मांडणीत त्याच रेघांचा अर्थ ‘किंवा’ असा घेतो. कोणीच तक्रार करीत नाही. ही १७६० सालची पानिपत होय!

आमच्याच अनुभवाची एक गोष्ट सांगतो. एका संस्थेच्या वर्गणीदारांची यादी एका डेटाबेसातून ओरॅकलमध्ये नेली होती. ज्यांच्या वडिलांच्या नावाची जागा कोरी नाही, असे सभासद आम्ही मागितले. जुन्या जागी शेकडो नावे आली. नव्या जागी एकही नाही. प्रश्न अक्षरशः तोच होता. पुढे उलगडा झाला, की ओरॅकल कोरी अक्षरमाला म्हणजेच ‘अज्ञात’ असे समजतो, आणि अज्ञाताशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. त्या दिवशी उत्तर शून्य आले म्हणून आम्ही सावध झालो. चारदोन नावेच गळाली असती, तर आम्हांस कळलेही नसते, आणि त्या चौघांना मतपत्रिका गेली नसती.

‘अज्ञात’ अज्ञाताबरोबर नसते, हा नियम मात्र सर्वत्र सारखा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो मनावर कोरून ठेवावा असा आहे. दोन पत्रांवर तारीख नाही, म्हणून ती दोन्ही एकाच दिवशीची ठरत नाहीत.

एकेकाळी वतन आणि इनाम यांचे निवाडे सनदेच्या तारखेवर होत. आज निवृत्तिवेतन, शिधा आणि जमिनीचा हक्क यांची उत्तरे याद्यांच्या जुळणीवर येतात. जुळणी चुकली तर हक्क बुडतो, आणि ज्याचा बुडाला त्याला कारणही सांगता येत नाही.

उपाय मोडकांनीच दाखविला आहे. जे सर्वांस समान आहे त्यावर भिस्त ठेवावी. जेथे भेद आहेत तेथे सूत्राची घाई न करता ते एका जागी, रकान्यांत मांडून ठेवावेत. रूपांतर केल्यावर मूळ आकडा पुसू नये, शेजारी ठेवावा. आणि प्रत्येक नव्या दप्तराला आधी असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर आपणांस पक्के ठाऊक आहे. ते पानिपत १७६१ सांगते की १७६०, एवढे पाहावे. मग त्याच्या इतर उत्तरांवर किती विश्वास टाकावयाचा ते आपोआप ठरते.