धूसर संकल्पना (व्यवस्थापनशास्त्र)

व्यवस्थापन व संघटना संशोधनातील, अर्थमर्यादा निश्चित नसलेली संज्ञा, उदा., संघटन-संस्कृती, परिणामकारकता. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९५४ मध्ये काटेकोर व्याख्येच्या संकल्पनांहून दिशादर्शक संकल्पना वेगळ्या मानल्या. पॉल हर्श व डॅनियल लेव्हिन (१९९९) यांच्या मते अशा ‘छत्रसंकल्पना’ आधी विखुरलेले अभ्यास एकत्र आणतात, पुढे मोजमापाच्या कसोटीवर त्यांना आव्हान मिळते (पहा : संशोधन पद्धती). नेमकी संज्ञाही धूसर होते, याचे मुंबईत जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या डबेवाल्यांचे उदाहरण ठळक आहे (पहा : डबेवाले). ‘सिक्स सिग्मा’ म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष; ‘फोर्ब्स’ नियतकालिकातील १९९८ च्या लेखानंतर डबेवाल्यांना जोडली जाताना ही मोजमापाची संज्ञा गौरवाचे बिरुद झाली. डब्यावरील रंगीत खुणा, मुकादमाच्या हाताखालील गट, लोकलचे वेळापत्रक हा अभ्यासकाला अधिक उपयोगी तपशील अशा बिरुदामागे झाकला जातो. धूसर संज्ञेमुळे नवे प्रश्न सुचतात. निष्कर्षांची तुलना मात्र अवघड होते.