शीर्षक-साचे, चित्रफीत-संपादनातील

शीर्षक-साचे, चित्रफीत-संपादनातील : चलच्चित्रावर उमटवावयाच्या मजकुराची जागा, अक्षरवळण, रंग, मागील पट्टी व हालचाल एकदाच ठरवून ठेवलेली आणि मजकूर तेवढा दर वेळी बदलता येण्याजोगी जी रचना, तिला शीर्षक-साचा म्हणतात. बातमीपत्रात बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव व हुद्दा दाखविणारी पडद्याच्या तळाकडील पट्टी, अनुबोधपटातील स्थळकाळाची नोंद, कार्यक्रमाच्या अखेरची श्रेयनामावली हे तिचे नित्य परिचयाचे प्रकार होत. पुढे साच्यात कोणाचे नाव येणार, ते किती लांबीचे व कोणत्या लिपीतील असणार, हे तो आखणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे त्याला चित्र नव्हे, तर नियम आखावा लागतो. पडद्यावरील अक्षरांचा इतिहास म्हणजे तयार चित्राकडून अशा नियमाकडे झालेली वाटचाल होय.

मूकपटातील पाट्या : रॉबर्ट पॉल यांच्या निर्मितिसंस्थेने काढलेल्या ‘स्क्रूज, ऑर मार्लीज घोस्ट’ (१९०१) या लघुपटात प्रसंगांच्या दरम्यान मजकुराच्या पाट्या आढळतात, तर एडविन पोर्टर यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१९०३) या चित्रपटात प्रत्येक दृश्याला स्वतंत्र शीर्षक आहे. फलकावर अक्षरे रंगवून त्याचे छायाचित्रण करावयाचे व तो तुकडा फितीत जोडावयाचा, अशी ही पद्धती होती. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटाच्या उपलब्ध भागात हिंदी व इंग्रजी पाट्या दिसतात. भारतीय मूकपटांत एकाच पाटीवर दोन वा अधिक लिप्यांतील मजकूर मांडण्याची पद्धत रूढ होती. साहजिकच प्रत्येक लिपीच्या वाट्याला येणारी जागा आक्रसत असे, आणि निरक्षर प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहात पाट्या मोठ्याने वाचून दाखविल्या जात. पाट्यांच्या लेखनाला हॉलिवुडमध्ये इतके महत्त्व आले होते, की १९२९ साली झालेल्या पहिल्या अकादमी पुरस्कार समारंभात त्यासाठी स्वतंत्र पारितोषिक देण्यात आले. बोलपटांच्या आगमनामुळे ते पुन्हा देण्याचा प्रसंग आला नाही.

बोलपटात मजकूर आरंभीच्या श्रेयनामावलीपुरता व परभाषिक प्रेक्षकांसाठीच्या उपशीर्षकांपुरता उरला. श्रेयनामावलीला सॉल बॅस यांनी ‘व्हर्टिगो’ (१९५८) व ‘सायको’ (१९६०) यांसारख्या चित्रपटांतून स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला. भारतात सत्यजित राय यांनी आपल्या चित्रपटांच्या शीर्षकांतील अक्षरे स्वतः घडविली. तथापि ही कामे एकेका चित्रपटापुरतीच असत. तीच रचना दुसऱ्या नावांसाठी वापरण्याची गरज चित्रपटाला नव्हती. ती निर्माण झाली दूरचित्रवाणीमुळे.

दूरचित्रवाणीतील फलक : ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची नियमित दूरचित्रवाणी सेवा १९३६ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. बातम्या व मुलाखती यांच्या दैनंदिन प्रक्षेपणात रोज नवी नावे दाखवावी लागत. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरे काढून तो फलक एका कॅमेऱ्यासमोर ठेवीत आणि त्याचे चित्र दुसऱ्या कॅमेऱ्यातील वक्त्याच्या चित्रावर अध्यारोपित करीत. घासून उमटविता येणारी लेट्रासेटची कोरडी अक्षरे १९६१ मध्ये बाजारात आल्यावर हे काम जलद झाले. भारतात दूरदर्शनच्या केंद्रांतही चित्रकारांनी रंगविलेले फलक वापरले जात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. नाव लांब असेल, तर चित्रकार अक्षरे थोडी दाटीने बसवी. रफार किंवा वेलांटी वर जात असेल, तर ओळ किंचित खाली घेई. हा निर्णय नजरेने व क्षणात होत असल्यामुळे तो नियम म्हणून कोठे लिहून ठेवण्याचे कारण नव्हते. यांत्रिक साधने आल्यावर नेमकी हीच उणीव जाणवू लागली.

याच काळात एक संकेत स्थिर झाला. घरोघरीच्या संचांत चित्राच्या कडा चौकटीआड जात असल्याने सर्व मजकूर पडद्याच्या मधल्या, लांबीरुंदीच्या सु. ८० टक्के भागातच ठेवावा, असे ठरले. यास सुरक्षित शीर्षकक्षेत्र म्हणतात. रुंद पडद्यासाठी २००९ मधील मानकाने ही मर्यादा ९० टक्क्यांपर्यंत वाढविली.

अक्षरजनित्रे : टंकफलकावर लिहिलेला मजकूर थेट दूरचित्रवाणीच्या संकेतात रूपांतरित करणारी अक्षरजनित्रे १९६०–७० या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रचारात येऊ लागली. सीबीएस लॅबोरेटरीजचे व्हिडिफाँट हे त्यांपैकी एक. कायरॉन या कंपनीची यंत्रे पुढे इतकी रूढ झाली, की अमेरिकेत पडद्याखालील नामपट्टीलाच ‘कायरॉन’ म्हणू लागले. मांडणी आता स्मृतीत साठविता येऊ लागली. साच्याची कल्पना येथे प्रथम व्यवहारात आली. पण ती ठरावीक घरांच्या जाळीची होती. ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये सुरू झालेल्या सीफॅक्स या मजकूरसेवेत ओळीस ४० अक्षरे मावत. अमेरिकेत १९८० पासून बधिर प्रेक्षकांसाठी पाठविण्यात येणाऱ्या उपशीर्षकांत ओळीस जास्तीत जास्त ३२ अक्षरे बसत.

रोमन अक्षरे एकापुढे एक समान घरांत बसविता येतात. देवनागरीत मात्र व्यंजनाच्या वर, खाली, मागे व पुढे चिन्हे येतात आणि व्यंजने एकमेकांत मिसळून जोडाक्षरे होतात. भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट हे तंत्र कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झाले व पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात वाढले. भारतीय लिप्यांची संकेतावली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्या आधीच्या आवृत्तीवर आधारलेली होती. जोडाक्षरे घडविण्याचे नियम टंकातच साठविणारे ओपनटाइप हे स्वरूप १९९६ मध्ये जाहीर झाले. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९९६ मध्ये पुढे आलेल्या एका कल्पनेनुसार चित्रपटगीतांचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवून नवसाक्षरांना वाचनाचा सराव देण्याचे प्रयोग झाले. पडद्यावरील अक्षरे सुवाच्य असणे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही, हे त्यांवरून ध्यानात येते.

संपादन-आज्ञावलीतील साचे : संगणकावरील संपादनासाठी ॲव्हिड (१९८९), प्रीमिअर (१९९१) व फायनल कट प्रो (१९९९) आणि चलदाकृतींसाठी आफ्टर इफेक्ट्‌स (१९९३) या आज्ञावल्या आल्या. आरंभी चलदाकृती तयार करणारा व संपादक यांची आज्ञावली वेगवेगळी असे. नावातील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारावयाचा, तरी मूळ रचना उघडून संपूर्ण शीर्षक पुन्हा तयार करावे लागे. २०११ मध्ये मोशन या आज्ञावलीच्या पाचव्या आवृत्तीत आखणाऱ्याने निवडलेली मोजकी नियंत्रणे फायनल कटमधील संपादकाला खुली करण्याची सोय झाली. प्रीमिअरमध्ये २०१७ साली चलदाकृतींचे साचे आले आणि दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये २०१८ साली तशीच व्यवस्था झाली. केडीएनलाइव्ह या मुक्त आज्ञावलीत साच्यातील रिकाम्या जागी खुणेचे चिन्ह ठेवून तेथे मजकूर भरता येतो.

चांगल्या साच्यात चार गोष्टींचे नियम असतात. पहिला जागेचा : मजकूर डाव्या कडेपासून वाढावा, उजव्या कडेपासून की मध्यापासून दोन्हीकडे, हे ठरवून तो बिंदू स्थिर करतात. दुसरा पट्टीचा : मागील पट्टी मजकुराच्या मापाने रुंदावते, मात्र चहूबाजूंचे अंतर कायम राहते, कमाल रुंदीपलीकडे मजकूर गेल्यास दुसरी ओळ करावी की अक्षरे लहान करावीत, हेही आधीच सांगावे लागते. तिसरा काळाचा : पट्टी येण्याचा व जाण्याचा वेळ ठराविक ठेवून मधला स्थिर भाग तेवढा ताणला जाईल, अशी योजना करतात. तसे न केल्यास शीर्षक अधिक वेळ ठेवताच त्याची हालचाल मंदावते. चौथा नियंत्रणांचा : संपादकाला काय बदलता यावे व काय येऊ नये, याची निवड. नियंत्रणे फार असली, तर मालिकेतील एकसूत्रता बिघडते. फार थोडी असली, तर संपादक साचाच टाकून देतो.

देवनागरीचा प्रश्न : बाजारात मिळणारे बहुतेक साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. त्यांत मराठी मजकूर भरताच ठरावीक दोष दिसू लागतात. अक्षरांमधील अंतर वाढविले, की शिरोरेषा तुटते. एकेक अक्षर स्वतंत्रपणे उमटविणाऱ्या हालचालीत जोडाक्षर फुटते. ऱ्हस्व वेलांटी संकेतात व्यंजनानंतर पण लेखनात आधी येत असल्याने ‘कि’सारखे अक्षर क्षणभर चुकीचे दिसते. त्यावर उपाय म्हणजे हालचाल अक्षरागणिक न ठेवता शब्दागणिक ठेवणे. रोमनच्या हिशेबाने जवळ ठेवलेल्या दोन ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. काही आज्ञावल्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय वेगळी निवडावी लागते. ती न निवडल्यास जोडाक्षरे सुटी पडतात.

सर्वांत सूक्ष्म दोष मापाचा असतो. ‘कमल’ या नावात शिरोरेषेच्या वर व अक्षरांच्या खाली काहीच नाही. ‘श्रीकृष्ण कुलकर्णी’ या नावात वर वेलांट्या व रफार, तर खाली ऋकार व उकार आहे. पट्टीची उंची प्रत्यक्ष उमटलेल्या अक्षरांवरून मोजली, तर एकाच चर्चेतील दोन वक्त्यांच्या पट्ट्या कमीजास्त उंचीच्या होतात व नावे वरखाली सरकतात. म्हणून उंची टंकाच्या कमाल मापावरून एकदाच ठरवितात आणि शिरोरेषा ही स्थिर रेषा धरून सर्व नावे तिच्यावर टांगतात. पूर्वीचा फलक-चित्रकार नजरेने करी ती तडजोड येथे मापाच्या भाषेत लिहिलेली असते. त्यामुळे साच्याची परीक्षा सुबक नमुना-मजकुरावर न घेता सर्वांत लहान, सर्वांत लांब व सर्वाधिक चिन्हांच्या नावावर घेणे इष्ट ठरते.

साच्यामुळे छोट्या वृत्तसंस्था, शाळा व हौशी चित्रपटकार यांनाही नेटकी शीर्षके सहज उपलब्ध झाली; पडद्यावरील अक्षरे एकसारखी दिसू लागली, हा त्याचा दुसरा परिणाम होय. साच्यात न मावणारे नाव बहुधा साचा नव्हे, तर नावच आखडून बसविले जाते. आडनाव गाळले जाते, जोडाक्षर मोडते किंवा मजकूर रोमन लिपीत लिहिला जातो. लिपीचे नियम साच्यात प्रथमपासून अंतर्भूत केले, तरच ही वेळ टळते.