ईस्टरच्या पहाट-उपासनेची कुळकथा

ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे वधस्तंभावर मरण पावून पुरला गेलेला ख्रिस्त तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला या श्रद्धेचा सण असून, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी तो पाळला जातो. महाराष्ट्रातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये या दिवसाची मुख्य उपासना चर्चच्या इमारतीत नेहमीच्या वेळी होते. परंतु तिच्याआधी, अजून अंधार असतानाच, माणसे गात गात फेरी काढतात आणि दफनभूमीत किंवा मोकळ्या मैदानात सूर्य उगवण्याच्या सुमारास प्रार्थनेला उभी राहतात. ही रीत शुभवर्तमानाइतकी प्राचीन असावी असा सर्वसाधारण समज आहे, आणि तिच्यामागची कथा खरोखरच तितकी जुनी आहे. पण दफनभूमीत जाऊन सूर्योदयाला उपासना करण्याचा आजचा आकार तिला अठराव्या शतकात, जर्मनीतील एका लहानशा वसाहतीत मिळाला. त्या वसाहतीने हा आकार घडवण्याच्या पाच वर्षे आधी आपसातले एक कडवे भांडण क्षमेने मिटवले होते, आणि या संस्काराचा अर्थ त्या भांडणाला वगळून नीट लागत नाही.

मूळ कथेत पहाट आणि क्षमा या दोन गोष्टी एकत्रच येतात. मग्दालीया मरिया आणि तिच्या सोबतच्या स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन भल्या पहाटे कबरेकडे गेल्या आणि त्यांना कबर रिकामी आढळली, हे चारही शुभवर्तमाने थोड्याफार फरकाने सांगतात. मार्काच्या वृत्तांतात मात्र एक बारकावा अधिक आहे, आणि तो फार मोलाचा आहे: कबरेत बसलेला तरुण त्या स्त्रियांना जो निरोप देतो त्यात शिष्यांचा उल्लेख एकत्रितपणे करून पेत्राचे नाव तेवढे वेगळे घेतो. तीनच दिवसांपूर्वी, प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकोटीजवळ बसून, आपण या माणसाला ओळखतच नाही असे तीनदा सांगणारा शिष्य तो हाच. पुनरुत्थानाची पहिली बातमी अशा रीतीने सर्वांत मोठ्या अपराध्याला नाव घेऊन पाठवली गेली. योहानाच्या वृत्तांतानुसार त्याच दिवशी संध्याकाळी, दारे लावून भेदरून बसलेल्या शिष्यांमध्ये येशू उभा राहिला, त्याने त्यांना शांतीचे अभिवादन केले, आपल्या हातांवरच्या खुणा दाखवल्या आणि पापांची क्षमा करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. ज्यांनी त्याला टाकून पळ काढला होता त्यांच्याकडे त्याने पळण्याचा जाब मागितला नाही.

प्रेषित पौलाने हा संबंध सिद्धान्ताच्या पातळीवर मांडला. ख्रिस्त उठला नसेल तर माणसे अजून आपल्या पापांतच आहेत, असे त्याने करिंथच्या मंडळीला लिहिले, आणि रोमकरांच्या पत्रात ख्रिस्ताचे मरण आपल्या अपराधांसाठी व त्याचे उठणे आपण नीतिमान ठरावे यासाठी, अशी जोडी त्याने लावली. येथे नीतिमान ठरणे म्हणजे माणूस निर्दोष वागला असा दाखला मिळणे नसून, दोषी असूनही देवाने त्याचा स्वीकार करणे होय. मरण आणि उठणे या दोहोंची गरज का, हे कलस्सैकरांच्या पत्रातील ऋणपत्राच्या प्रतिमेवरून समजते, आणि सावकारी सोसलेल्या मराठवाड्याला ती प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही: कर्ज फिटले तरी कर्जरोखा सावकाराच्या पेटीतच राहिला तर कुळाची धास्ती जात नाही. वधस्तंभाने देणे फेडले आणि रिकाम्या कबरेने तो रोखा रद्द झाल्याचे जाहीर केले, असा हा विचार आहे. म्हणूनच ख्रिस्ती परंपरेत दोषभावनेपासूनची सुटका शुक्रवारच्या शोकापाशी न थांबता रविवारच्या पहाटेपर्यंत जाते.

पहिल्या काही शतकांत या विश्वासाने शरीराची ठेवणसुद्धा ठरवली. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत गुडघे न टेकता उभे राहूनच प्रार्थना करावी असा नियम केला, कारण गुडघे टेकणे हे पश्चात्तापाचे चिन्ह मानले जाई आणि पुनरुत्थानाच्या दिवशी क्षमा मिळालेल्या माणसाने उठून उभे राहणेच योग्य होते. ईस्टरच्या आदल्या रात्रीचे जागरण, त्या रात्री दिला जाणारा बाप्तिस्मा आणि नवदीक्षितांची शुभ्र वस्त्रे ही त्या काळची रीत होती. मध्ययुगात पश्चिम युरोपात हे जागरण मागे सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन ठेपले, आणि रोमन कॅथलिक चर्चमध्ये ते पुन्हा रात्री आणण्यास १९५१ साल उजाडावे लागले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर काही प्रॉटेस्टंट पंथांनी तर सणच सोडून दिले. स्कॉटलंडच्या सुधारकांनी १५६० मध्ये ख्रिस्ती सणवार शास्त्राधार नसल्याच्या कारणावरून रद्द केले, आणि अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मंडळ्यांनीही पुढे दीर्घकाळ ईस्टर पाळला नाही.

अशा काळात, १७२२ च्या जून महिन्यात, मोरेव्हियातून छळामुळे पळालेली काही कुटुंबे सॅक्सनीतील काउंट त्सिन्झेंडॉर्फ या तरुण जमीनदाराच्या जमिनीवर येऊन उतरली. १४१५ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या यान हुस या सुधारकाच्या परंपरेतले हे लोक होते. ख्रिस्तियन डाविड नावाच्या सुताराने पहिले झाड तोडले, घरे उभी राहिली आणि वसाहतीला हेर्नहुट असे नाव मिळाले. आश्रयाची वार्ता पसरताच निरनिराळ्या मतांचे लोक तेथे जमू लागले व त्यांच्यात उपासनेच्या पद्धतीवरून, शिकवणुकीवरून, एकमेकांच्या वागणुकीवरून असे वाद पेटले की काहींनी आश्रयदात्या काउंटलाच ख्रिस्तविरोधक ठरवले. श्रद्धेसाठी घरदार सोडलेली माणसे श्रद्धेच्याच नावाने एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. त्सिन्झेंडॉर्फने सरकारी नोकरीतून रजा घेतली, तो घरोघर फिरला, आणि १२ मे १७२७ रोजी सर्वांनी एका सामायिक करारावर सह्या केल्या. करार झाला तरी मने जुळायला आणखी तीन महिने जावे लागले. १३ ऑगस्ट १७२७ रोजी जवळच्या बेर्थेल्सडोर्फ गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीसाठी, हे सगळे एकत्र आले आणि तेथे शत्रूंनी रडत एकमेकांची क्षमा मागितली. मोरेव्हियन मंडळ्या हा दिवस आजही आपल्या नव्या जन्माचा दिवस म्हणून पाळतात.

याच वसाहतीतील अविवाहित तरुणांचा एक गट १३ एप्रिल १७३२ रोजी, ईस्टरच्या दिवशी, रात्रभर प्रार्थना करून पहाटे हुटबेर्ग टेकडीवरील दफनभूमीत गेला आणि मृतांच्या मध्ये उभे राहून त्याने पुनरुत्थानाची गीते गायली. पुढल्या वर्षापासून सगळी मंडळी त्यांच्या पाठोपाठ जाऊ लागली. ही दफनभूमी त्यांनी मोठ्या विचाराने आखली होती: सर्वांना सारखेच, जमिनीलगत आडवे ठेवलेले दगड, आणि पुरण्याचा क्रम कुळानुसार न ठेवता वयोगट व स्त्री-पुरुष अशा वर्गवारीनुसार, त्यामुळे सरदार आणि सुतार मरणानंतर सारख्याच दगडाखाली येत. ज्या जागी माणसाच्या चुकांचा हिशेब कायमचा बंद झाला असे जग समजते, तेथेच उभे राहून क्षमा गाणे, हा या उपासनेचा गाभा होता. १७३२ मध्येच २१ ऑगस्टला हेर्नहुटचे पहिले दोन प्रचारक वेस्ट इंडीजमधील गुलामांकडे निघाले, आणि संस्कारही त्यांच्या लोकांबरोबर प्रवास करू लागला. अमेरिकेतील सेलम येथे तो १७७२ पासून होत आला आहे. भारतात मोरेव्हियन लोक १७६० मध्ये तरंगमबाडीला आणि १८५६ मध्ये लाहौलमधील केलाँगला पोहोचले.

मराठी मुलखाशी या घराण्याचा संबंध अधिक दूरच्या नात्याने जुळतो. जॉन वेस्ली हा इंग्लंडमधील धर्मगुरू कर्मठ, नेमाने उपवास करणारा, तुरुंगातल्या कैद्यांची सेवा करणारा, आणि तरीही आपण देवाला मान्य आहोत की नाही या शंकेने पोखरलेला होता. जानेवारी १७३६ मध्ये अमेरिकेला जाताना त्याचे जहाज वादळात सापडले, इतर प्रवासी किंकाळ्या मारू लागले आणि सहप्रवासी मोरेव्हियन कुटुंबे मात्र स्तोत्र गात राहिली, हे त्याने पाहिले. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनमध्ये, रोमकरांच्या पत्रावरील धर्मसुधारक लूथरची प्रस्तावना वाचली जात असताना, आपली पापे, आपलीसुद्धा, दूर केली गेली आहेत अशी खात्री त्याला वाटली. त्याच उन्हाळ्यात तो हेर्नहुटला गेला, तेथील दफनभूमीत एका बालकाचा दफनविधी त्याने पाहिला आणि पोर गमावलेल्या शिंपी बापाच्या तोंडून देवाची स्तुती ऐकली. वेस्लीच्या चळवळीतून मेथडिस्ट पंथ निघाला. पुढे विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याने मोरेव्हियनांच्या उदाहरणाचा दाखला देऊन इंग्लंडमध्ये मिशनची बाजू मांडली. बंगालमधील श्रीरामपूरला त्याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला, आणि रिकाम्या कबरेची कथा प्रथमच छापील मराठी गद्यात वाचायला मिळाली.

महाराष्ट्रात आलेल्या सर्वच मिशनांनी ईस्टर सोबत आणला असे मात्र म्हणता येत नाही. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या सण न पाळणाऱ्या परंपरेतले होते. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री, ज्यांनी जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, ते स्कॉटिश चर्चचे, म्हणजे सण रद्द करणाऱ्याच परंपरेतले होते. औरंगाबादला रतनजी नवरोजी या पारशी धर्मांतरिताने चालवलेले चर्च मिशनरी सोसायटीचे काम अँग्लिकन असल्यामुळे तेथे प्रार्थनापुस्तकानुसार ईस्टर होता. नांदेड-लातूरच्या बाजूला मेथडिस्टांचा शेजार अधिक जवळचा: बीदर हे अमेरिकी मेथडिस्टांचे केंद्र होते आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत; दुसऱ्या अंगाला निजामाबादजवळच्या डिचपल्लीत इझाबेल केर या डॉक्टरीणबाईंनी १९१५ मध्ये वेस्लियन मिशनचे कुष्ठरुग्णालय सुरू केले. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत पंथभेदापलीकडच्या सूर्योदय-उपासना लोकप्रिय झाल्या, त्यांतील कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडची १९०९ ची उपासना विशेष गाजली, आणि सण टाळणाऱ्या घराण्यांतील मंडळ्यांनीही ही रीत आपलीशी केली.

मराठी भूमीत तिला रुजायला अडचण पडली नाही, कारण पहाटे गात निघणे येथे नवे नव्हते. काकड्याचे भजन, वासुदेवाची फेरी, भूपाळी या साऱ्यांनी पहाटेच्या देवस्मरणाला आधीच सूर देऊन ठेवला होता. अहमदनगरला कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला, तर १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन, अभंग आणि पदे यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा कंठच बदलला. त्यामुळे सेलमला जे काम पितळी वाद्यांचे पथक करते ते इकडे टाळ, पेटी आणि ढोलकीकडे आले. ‘प्रभु उठला आहे’ असे एकाने म्हणावे आणि इतरांनी ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर द्यावे, ही पौर्वात्य चर्चमधून आलेली फार जुनी प्रथाही या फेरीत मिसळली.

तरीही या संस्काराचा सर्वांत खोल अर्थ मराठवाड्यात सुरांपेक्षा जागेत आहे. निजामाच्या राज्यातील खेड्यांतून ख्रिस्ती झालेले लोक बहुतांशी महार आणि मांग समाजांतले होते. पाणवठा वेगळा, वस्ती गावाबाहेर, स्मशानही वेगळे, आणि या सगळ्याचे कारण म्हणून पूर्वजन्मीच्या पातकाकडे बोट दाखवलेले, असे त्यांचे जिणे होते. पापक्षमेचा उपदेश अशा लोकांना करताना प्रचारकांनी नेहमीच पुरेशी जाण दाखवली असे नाही. न केलेल्या अपराधाची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या भोगणाऱ्याला प्रथम ‘तू पापी आहेस’ असे सांगणे हे जुन्याच ओझ्यावर नवे ओझे ठेवण्यासारखे होऊ शकत होते. पुनरुत्थानाच्या उपासनेने मात्र ही गाठ सोडवण्याची वाट दिली. माणसाने स्वतः केलेल्या चुकीची कबुली आणि तिची क्षमा ही एक गोष्ट, आणि समाजाने जन्माबरोबर चिकटवलेला कलंक ही दुसरी. पहिलीला क्षमा लागते, तर दुसरीसाठी क्षमा मागण्याचे काहीच कारण नसते. ज्या येशूला धर्मपीठाने निंदक आणि राज्यसत्तेने गुन्हेगार ठरवून मारले, त्याला देवाने उठवले, याचा अर्थ तो निवाडाच खोटा ठरला; म्हणून रिकामी कबर अपराध्याला क्षमा देते आणि खोटा दोष लादलेल्याला न्याय देते. या दोन्ही अर्थांनी दोषमुक्ती सांगणारा सण दफनभूमीत, पूर्वजांच्या कबरींमध्ये उभे राहून साजरा होणे फार उचित आहे.

या कुळाची दुसरी शाखाही मराठी मंडळ्यांत नांदते आहे, ती म्हणजे प्रीतिभोजन. १३ ऑगस्ट १७२७ च्या त्या क्षमेनंतर हेर्नहुटच्या लोकांना एकमेकांना सोडून जाववेना, ते घोळक्याघोळक्यांनी बोलत राहिले, तेव्हा त्सिन्झेंडॉर्फने आपल्या वाड्यातून त्यांच्यासाठी अन्न पाठवले, आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची सहभोजनाची विसरलेली रीत त्यातून पुन्हा सुरू झाली. वेस्लीने ती मेथडिस्टांना दिली. सणावाराला उपासनेनंतर जेव्हा मराठी मंडळी पंगतीला बसते, तेव्हा कोणी शिजवले आणि कोण कोणाशेजारी बसले या प्रश्नांवर ज्या समाजात शतकानुशतके वाद झाले तेथे ही पंगत बसत असते. आणि जेथे पूर्वाश्रमीच्या जातींचा आठव मंडळीतही शिल्लक आहे, तेथे ख्रिस्ताच्या क्षमेवरचा विश्वास प्रत्यक्षात किती उतरला आहे हे पहाटेच्या गाण्यापेक्षा या पंगतीत अधिक स्पष्ट कळते.