चिलटांच्या पोथीतील प्रक्षेप

एखादी ओवी मूळ ग्रंथातील की मागाहून घुसलेली, हा प्रश्न जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. शके 1506 (इ.स. 1584) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अपपाठ वाढल्यामुळेच. अशा वेळी जुन्या प्रती मिळवून नव्यांशी ताडून पाहाव्या लागतात. विसाव्या शतकात जीवशास्त्राने एका चिलटाचा इतिहास याच रीतीने उलगडला.

डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात, आपल्या नकलाही वाढवतात. 1940 च्या दशकात बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात हे प्रथम ओळखले. त्यासाठी त्यांना 1983 साली नोबेल मिळाले. 1970 च्या दशकात पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर या चिलटाने अभ्यासकांना कोड्यात टाकले. बाहेरून पकडलेला नर आणि प्रयोगशाळेतील जुन्या वाणाची मादी यांची संतती बहुधा वांझ निघे. जोडी उलटी लावली की मात्र धडधाकट. मार्गारेट किडवेल आदींनी 1977 साली या दोषाचे नामकरण केले. पुढे त्याचे कारण सापडले: ‘पी’ नावाचा, 2907 अक्षरांचा तुकडा. त्याला आवर घालणारे सूक्ष्म आरएनए संततीला आईच्या अंड्यातून मिळतात. जुन्या वाणाच्या मादीपाशी ते नव्हते.

मग प्रयोगशाळेतील चिलटांनी ‘पी’ गमावला, की बाहेरच्यांत तो नव्याने शिरला? उत्तर बाटल्यांत होते. चिलटांचे वाण टिकवायचे तर पिढ्यान्‌पिढ्या त्यांना ताज्या अन्नाच्या बाटलीत हलवावे लागते. पोथी उतरवून घेण्यासारखेच ते काम. 1950 पूर्वी पकडलेल्या चिलटांच्या वाणांत ‘पी’ आढळला नाही. 1970 च्या दशकाअखेर बाहेरच्या जवळजवळ सर्व समूहांत तो होता. 1990 साली त्याचे मूळही कळले: अमेरिका खंडातील विलिस्टोनी या वेगळ्या जातीत तो केवळ एका अक्षराच्या फरकाने सापडला. या दोन जातींत संकर होत नाही. तेव्हा तो वारशाने नव्हे, परस्पर आला. एखाद्या सूक्ष्म कोळीकिड्याने तो वाहून आणला असावा, असा तर्क आहे.

पुढे हाच तुकडा सिम्युलन्स या तिसऱ्या जातीत पसरत असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले.

संपादकाला प्रक्षेप वगळता येतो. चिलटाला त्याच्यासह जगावे लागते. परंतु दोन्हीकडे निवाडा करते ती जुनी प्रत. त्या बाटल्या निरुपयोगी म्हणून फेकल्या असत्या, तर ‘पी’ अनादि काळापासूनचाच मानला गेला असता. आमचे घाटनांदूर ज्या अंबाजोगाई तालुक्यात आहे, तो मुकुंदराज-दासोपंतांचा. इथल्या एखाद्या घरात माळ्यावर पडलेली जीर्ण पोथी छापील प्रत उपलब्ध आहे म्हणून रद्दीत टाकण्यापूर्वी हा दाखला आठवावा.