दशक कुणाच्या खात्यावर?

मराठी माणसाला वाद घालायला विषयाशी काही संबंध असावा लागत नाही. सदाशिवरावभाऊंनी पानिपतावर नेमकं काय करायला हवं होतं, हे ठामपणे सांगू न शकणारा गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही, आणि या सांगणाऱ्यांपैकी निम्मे तरी उत्तरेला नाशिकच्या पुढे गेलेले नसतात. पण निदान पानिपत आपलं तरी आहे! १९४० ते १९४९ या दहा वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये फुटबॉलचा सर्वांत जबरदस्त संघ कोणता, या प्रश्नावरून आमच्या सोसायटीतल्या तीन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकावं, हे मात्र जरा जास्तच झालं.

यातला पहिला माझा धाकटा मेहुणा. तो ॲन आर्बरला शिकलेला, म्हणून मिशिगनचा. दुसरे समोरच्या वहिनींचे जावई, ते इंडियानातल्या नोटर डेमचे. (हे नाव फ्रेंच आहे, पण अमेरिकेत फ्रेंच उच्चार केला तर लोक चर्चचा पत्ता सांगतात.) तिसरे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मेजरसाहेब. ते अमेरिकेला कधी गेलेले नाहीत, पण 'आर्मी' नावाचा संघ मैदानात असताना दुसऱ्या कुणाची बाजू घेणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. तिघांमध्ये पंच म्हणून मला नेमण्यात आलं. "भावोजी, तुम्ही बँकेत आहात. भावना बाजूला ठेवा आणि नुसता हिशेब मांडा," असं मेहुण्याने सांगितलं. बँकेत भावना नसतात, हे काउंटरच्या बाहेर उभ्या असणाऱ्यांचं मत आहे.

आधी खेळाबद्दल. हा आपला फुटबॉल नव्हे. यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट असतो आणि बराच वेळ हातातच असतो. तो घेऊन जो पळतो त्याला समोरच्या अकरा जणांनी मिळून आडवा करायचा. दादरला संध्याकाळी कर्जत लोकलमध्ये शिरणाऱ्या माणसाला नियम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

मला खरा धक्का बसला तो खेळाने नाही, निकालाच्या पद्धतीने. मी भाबडेपणाने विचारलं, "दहा वर्षांच्या दहा फायनली कोण जिंकलं ते सांगा, पाच मिनिटांत उत्तर देतो." तिघेही माझ्याकडे दयेने पाहू लागले. फायनल नव्हतीच! देशभरात शेकडो कॉलेजं, प्रत्येकाचे हंगामात नऊ-दहा सामने, आणि पहिला नंबर कुणाचा हे ठरवायचं वार्ताहरांनी मतं देऊन. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून हे मतदान घेते. त्यातही गंमत अशी, की त्या काळी शेवटचं मतदान नववर्षाच्या सुमाराला होणाऱ्या मोठ्या 'बोल' सामन्यांच्या आधीच उरकायचं. म्हणजे शेवटचा पेपर व्हायच्या आत निकाल लावून पेढे वाटायचे. चार संघांची रीतसर बाद फेरी सुरू व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं आणि २०२४ पासून त्यात बारा संघ आले. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या देशाला बाद फेरी जमवायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली, हे वाचून आपल्या नगरपालिकेबद्दलचा माझा राग पुष्कळ निवळला.

तर वार्ताहरांच्या मतांप्रमाणे दशकाचं पासबुक असं. १९४० आणि १९४१, मिनेसोटा. १९४२, ओहायो स्टेट. १९४३, नोटर डेम. १९४४ आणि १९४५, आर्मी. १९४६ आणि १९४७, पुन्हा नोटर डेम. १९४८, मिशिगन. १९४९, परत नोटर डेम. बेरीज केली तर नोटर डेम चार, मिनेसोटा आणि आर्मी दोन-दोन, उरलेले दोघे एकेक.

"झालं की मग!" म्हणत जावई उठायला लागले.

"बसा," मेजरसाहेब म्हणाले. आणि त्यांनी आपला तोफखाना पुढे आणला. १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत आर्मीचे २८ सामने झाले. त्यातले २७ जिंकले, एक बरोबरीत, पराभव शून्य. डॉक ब्लँचर्ड मधून घुसायचा आणि ग्लेन डेव्हिस कडेने निसटायचा. यांच्या नोटर डेमला या संघाने १९४४ मध्ये ५९–० आणि १९४५ मध्ये ४८–० असं झोडपलं. १९४४ मध्ये आर्मीने नेव्हीला हरवलं तेव्हा जनरल मॅकआर्थर यांनी पॅसिफिकच्या आघाडीवरून तार केली, की हा विजय साजरा करायला आम्ही युद्ध थांबवलं आहे! जपानी लोकांना याची कल्पना दिली होती की नाही, ते मेजरसाहेबांनी सांगितलं नाही.

जावयांचं म्हणणं, त्या दोन वर्षांत आमचे प्रशिक्षक फ्रँक लेही नौदलात होते आणि आमचा हुकमी खेळाडू जॉनी लुजॅकही नौदलातच होता. ते परत आल्यावर बोला! परत आल्यावर म्हणजे १९४६ साली. ९ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सुमारे ७४ हजार लोकांसमोर हे दोन संघ भिडले. देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइजमन पारितोषिक एकदा मिळालेला किंवा पुढे मिळणार असलेला एक-एक असामी, असे चौघे त्या दिवशी एका मैदानात होते. ब्लँचर्ड एकदा सगळ्यांना चुकवून सुटला, तेव्हा लुजॅकने एकट्याने त्याचे पाय धरून त्याला पाडलं. आणि एवढ्या सगळ्या धुमश्चक्रीनंतर गुणसंख्या झाली ०–०. आमच्या शाखेत दिवसभर रांग लावून एकही व्यवहार पूर्ण होत नाही, तसं. हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघ अपराजितच होते. आर्मीने नेव्हीला शेवटी जेमतेम २१–१८ हरवलं आणि वार्ताहरांनी नोटर डेमच्या बाजूने कौल दिला. मेजरसाहेब तो कौल अजून मानत नाहीत.

आता मेहुण्याची पाळी. त्याचं दुःख १९४७ चं. मिशिगनने त्या वर्षी दहाच्या दहा सामने जिंकले. पण नोटर डेमही अपराजित राहिलं, आणि डिसेंबरमधल्या मतदानात पहिला नंबर त्यांना मिळाला. मग १ जानेवारी १९४८ ला मिशिगनने रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाला ४९–० चोपलं. याच संघाला नोटर डेमने महिनाभर आधी हरवलं होतं ते ३८–७. लोकांनी एवढा गिल्ला केला, की असोसिएटेड प्रेसने खास फेरमतदान घेतलं. मिशिगनला २२६ मतं, नोटर डेमला ११९! आणि त्यानंतर जाहीर केलं की हे मतदान धरायचं नाही, आधीचंच कायम. मला हे लगेच समजलं. कॅशियरने मोजलेली रक्कम बरोबर होती, पण डे-एंड झाल्यावर मोजली, सबब जमा नाही. शिवाय हे दोन संघ समोरासमोर आणून भांडण मिटवावं, तर तेही नाही. दोन गावांमधलं अंतर मुंबई-कोल्हापूरपेक्षा कमी, पण १९४३ नंतर ते एकमेकांशी खेळले ते थेट १९७८ मध्ये.

"पण १९४३ मध्ये तुम्हाला ३५–१२ हरवलं होतं ना आम्ही?" जावयांनी विचारलं. "आणि त्याच वर्षी नौदलाच्या ट्रेनिंग तळाच्या संघाने तुम्हाला १९–१४ हरवलं, तरी चॅम्पियन तुम्हीच!" मेहुणा ओरडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इतका वेळ आमची ही शेंगा सोलत ऐकत होती. तिने एकच विचारलं, "एवढं महायुद्ध चाललेलं असताना ही वीस-बावीस वर्षांची पोरं घरी खेळत कशी होती?"

तिघेही गप्प झाले. आणि मी कुणाचं खातं तपासायला हवं होतं ते मला दिसलं. आम्ही सगळे लेजर पाहत होतो, मस्टर कुणीच उघडलं नव्हतं.

मस्टर असं सांगतं. बाकीच्या कॉलेजांतली मुलं लष्करात निघून जात होती, अनेक कॉलेजांनी १९४३ मध्ये संघच मोडले होते. वेस्ट पॉइंट ही अधिकारी घडवणारी संस्था, तिथली मुलं आधीच लष्करात होती, तेव्हा तिथला संघ मोडायचं कारण नव्हतं. ब्लँचर्ड स्वतः आधी नॉर्थ कॅरोलायनात होता, तो सैन्यात भरती होऊन मग वेस्ट पॉइंटला आला. नोटर डेम आणि मिशिगन तरले ते नौदलाने आपले प्रशिक्षणार्थी तिथे ठेवले म्हणून. युद्धखात्याच्या बदल्यांच्या आदेशावर संघ बनत होते आणि मोडत होते. नोटर डेमचा अँजेलो बर्टेली १९४३ मध्ये सहा सामने खेळून मरीनमध्ये गेला. बदलीचा हुकूम आला की मार्चएंड आहे की दिवाळी, हे वर कुणी पाहत नाही, एवढं मी अनुभवाने जाणतो.

आणि मस्टरात विस्कॉन्सिनचं पान आहे. तिघांपैकी कुणाच्याही तोंडी हे नाव आलं नव्हतं. १९४२ मध्ये या संघाने नोटर डेमला ७–७ असं बरोबरीत रोखलं आणि त्या वर्षीच्या विजेत्या ओहायो स्टेटला १७–७ हरवलं. ओहायोचा त्या हंगामातला तो एकमेव पराभव. विस्कॉन्सिन तिसरं आलं. पुढच्या वर्षी तो संघ उरलाच नाही. त्यांचा एलरॉय हर्श मरीनच्या आदेशाने थेट मिशिगनमध्ये दाखल झाला आणि १९४३ मध्ये मेहुण्याच्या संघाकडून खेळला. त्यांचा डेव्ह श्रायनर जून १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. आयोवाचा नाइल किनिक, १९३९ चा हाइजमन विजेता, त्याचं नौदलाचं विमान जून १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात समुद्रात पडलं. तो चोवीस वर्षांचा होता.

निकाल मागितला होता म्हणून देतो. दहा वर्षांचा ताळेबंद नोटर डेमच्या नावावर निघतो. चार विजेतेपदं, आणि सगळे परत आल्यानंतरच्या १९४६ ते १९४९ या चार हंगामांत ३६ विजय, दोन बरोबरी, पराभव नाही. नुसती तीन वर्षं घेतली तर आर्मी. मिशिगनचं १९४७ सस्पेन्स अकाउंटमध्ये टाकलं आहे. मिशिगन ते आपल्या विजेतेपदांत धरतं आणि मी हरकत घेणार नाही.

तिघांनीही निकाल अमान्य केला, तेव्हा तो बरोबर असावा. मेजरसाहेब मात्र जाताना दारात थांबले आणि श्रायनरचा नंबर काय होता म्हणून विचारलं. ऐंशी. विस्कॉन्सिनमध्ये ती ८० नंबरची जर्सी नंतर कुणालाही दिलेली नाही.