एग बेटाची वीजव्यवस्था

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या एग बेटावरील स्वतंत्र वीजव्यवस्था. बेटाचे क्षेत्रफळ सु. ३१ चौ. किमी., लोकवस्ती शंभराच्या आसपास.

पार्श्वभूमी : समुद्रतळाशी केबल टाकणे अतिशय खर्चाचे असल्याने राष्ट्रीय वीजजाळे येथे पोहोचले नाही. घरोघरी डिझेल जनित्रे असत. इंधन बोटीने आणावे लागे, त्यामुळे ती दिवसातले काही तासच चालवत. १९९७ मध्ये रहिवाशांच्या पुढाकाराने बेट विकत घेऊन विश्वस्त संस्थेच्या मालकीचे करण्यात आले. याच संस्थेच्या ‘एग इलेक्ट्रिक’ कंपनीने १ फेब्रुवारी २००८ पासून चोवीस तास वीज देण्यास सुरुवात केली.

निर्मिती : तीन जलविद्युत संच (सर्वांत मोठा १०० किलोवॉटचा), ६ किलोवॉटच्या चार पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या हे मुख्य स्रोत. हिवाळ्यात पाऊस व वारा भरपूर असतो. उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा लांबलेल्या दिवसांचे ऊन उपयोगी पडते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. डिझेल जनित्रे केवळ अडीनडीसाठी ठेवलेली आहेत.

साठवण : सुरुवातीला शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा संच बसवण्यात आला. इन्व्हर्टर बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतात व वारंवारता स्थिर राखतात. बॅटऱ्या भरल्या की वारंवारता किंचित वाढवली जाते. हा इशारा मिळताच सार्वजनिक इमारतींतले हीटर सुरू होतात आणि जादा वीज ऊब देण्यास कामी येते.

वापराची मर्यादा : प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉट, व्यवसायाला १० किलोवॉट. घर लहान असो वा मोठे, नियम एकच. किटली आणि धुलाई यंत्र एकत्र चालवताना मीटरवर लक्ष ठेवावे लागते, कारण मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज बंद पडते. ही मर्यादा रहिवाशांनीच ठरवली. त्यामुळे सर्वांनी एकदम उपकरणे लावून बॅटऱ्या रिकाम्या होण्याचा धोका टळतो आणि यंत्रणाही आटोपशीर खर्चात उभी राहू शकते. देखभाल प्रशिक्षित रहिवासी करतात.

महत्त्व : दुर्गम वस्त्यांना एगने दिलेला धडा मोलाचा आहे. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी तिला सीमा असते. मालकी, दुरुस्तीचे ज्ञान आणि वापराचा नियम गावाच्या हाती असेल, तरच त्या सीमेत सर्वांना पुरेशी वीज मिळते.